‘मलेझ’ : कणकण, मरगळ आणि अस्वस्थता

दोह्यातील दवाखान्याच्या अहवालात ‘जनरल मलेझ’ अशी नोंद दिसली की अनेकांना ते एखाद्या आजाराचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते लक्षणाचे नाव आहे. शरीरात काहीतरी बिनसले आहे, पण नेमके काय आणि कुठे हे सांगता येत नाही, अशा अवस्थेला इंग्रजीत ‘मलेझ’ म्हणतात. उच्चार करताना जोर ‘ले’वर येतो.

व्युत्पत्ती

हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकात फ्रेंचमधून आला. ‘माल’ म्हणजे वाईट आणि ‘एझ’ म्हणजे स्वास्थ्य, सुखावस्था. पहिला घटक लॅटिनमधला. ‘मलेरिया’ या शब्दातही तोच ‘वाईट हवा’ या मूळ अर्थाने दडला आहे. दुसरा घटक इंग्रजी ‘ईझ’मध्ये दिसतो. त्यामुळे ‘डिसीझ’ आणि ‘मलेझ’ ही एकाच घरातील भावंडे ठरतात. आपला ‘ऐषआराम’मधील ‘ऐष’ मात्र या कुळातला नव्हे. तो अरबी ‘ऐश’, म्हणजे जगणे. आखाती बोलीत याच शब्दाचा अर्थ भात असा होतो, हे कतारमध्ये जेवणाऱ्यांना ठाऊक असेलच.

मराठी ‘अस्वस्थ’ची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. ती स्थिरता ढळली की माणूस अस्वस्थ होतो.

वापर

वैद्यकात ‘मलेझ’साठी मराठीत नेमके शब्द आहेत : कणकण, कसर, अंग मोडून येणे. फ्लू, डेंग्यू किंवा कावीळ यांची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘मलेझ आणि थकवा’ ही नोंद आर-५३ या संकेतांकाखाली, लक्षणांच्या विभागात आहे.

समाज किंवा अर्थव्यवस्थेविषयी बोलताना हाच शब्द ‘मरगळ’ या अर्थाने येतो. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचे १५ जुलै १९७९ चे भाषण ‘मलेझ भाषण’ म्हणून प्रसिद्ध आहे. गंमत अशी की त्या भाषणात त्यांनी हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. त्यांनी आत्मविश्वासाच्या संकटाविषयी सांगितले होते.

मनाच्या संदर्भात मात्र जपून वापरावा. ‘मलेझ’ला ठळक कारण नसते, आणि तो हळूहळू पसरतो. २३ जून २०२५ च्या रात्री इराणने अल उदैद तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा दोह्यातील घराघरांत जे होते ते ‘मलेझ’ नव्हे. कारण समोर होते. ती धाकधूक होती. घरच्या आठवणीने सांजवेळी दाटून येते ती हुरहूर, तीही वेगळी.

एक सावधगिरी

फ्रेंचमध्ये या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : भोवळ येणे, शुद्ध हरपणे. फ्रेंच भाषक सहकाऱ्याने कोणाला ‘मालेझ’ झाल्याचे सांगितले, तर ती कणकण समजून दुर्लक्ष करू नये. आखाती उन्हात तर मुळीच नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी आहे, ती उगीच नव्हे. माणूस बेशुद्ध पडला असेल तर ९९९ हा क्रमांक फिरवावा.

आजारपणाच्या रजेच्या पत्रात मात्र ‘मलेझ’ लिहू नये. तिथे ‘अनवेल’ हा साधा शब्द पुरेसा आहे. डॉक्टरांपुढे गेल्यावर याच्या उलट करावे. ‘बरे वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता कणकण केव्हापासून आहे, अंग दुखते का, अन्नावरची वासना गेली आहे का, हे तपशिलाने सांगावे. ‘मलेझ’ हा शब्द निदान करीत नाही. निदानाची वाट अशा तपशिलांतून सापडते.