विनिर्देशाची विद्या आणि नागपूर

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन जेमतेम दोन वर्षे होत होती, त्या सुमारास म्हणजे 3 मार्च 1856 रोजी, कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नामक स्थापत्य अभियंत्याने पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल सरकारदरबारी अर्ज गुदरला, आणि हिंदुस्थानातील पेटंटांची मोजदाद त्या अर्जापासून सुरू झाली. त्या साली झालेल्या कायद्याचा शिरस्ता असा की, संशोधकाने प्रथम विनंतीअर्ज करून विनिर्देश दाखल करण्याची परवानगी मागावी, आणि हुकूम हाती आल्यावर नेमल्या मुदतीत शोधाचे स्वरूप व तो अमलात आणण्याची रीत यथातथ्य लिहून द्यावी. मग 14 वर्षांचा अनन्य अधिकार त्यास मिळे. डिपेनिंगचा विनिर्देश 2 सप्टेंबरला दप्तरी दाखल झाला. मधल्या सहा महिन्यांत यंत्रापेक्षा वाक्येच अधिक वेळा दुरुस्त झाली असावीत, असा माझा तर्क आहे. खुद्द कायद्याचेही प्राक्तन विचित्र: राणीची पूर्वसंमती न घेताच तो मंजूर झाला म्हणून 1857 साली तो रद्द करावा लागला, आणि 1859 च्या पंधराव्या कायद्याने ती व्यवस्था पुनश्च उभी केली.

विनिर्देश लिहिणे हा गद्यलेखनाचा एक स्वतंत्र व मोठा कठोर प्रकार आहे, आणि साहित्याच्या चर्चेत त्याचा कोणी उल्लेखही करीत नाही, याचे मला नवल वाटते. वर्णनात काही हातचे राखून ठेवावयाचे नाही, त्या विषयातील जाणत्या माणसाने केवळ वाचून ती वस्तू सिद्ध करावी इतके सारे उघड करावयाचे, स्वतःस ठाऊक असलेली सर्वोत्तम रीतही लपवावयाची नाही. आणि शेवटी दावे मांडताना मात्र कृपणाच्या सावधपणाने एकेक शब्द तोलावयाचा. सिव्हिल लाइन्समधील जुने वकील मालगुजारीच्या दस्तऐवजांत ज्या दक्षतेने चतुःसीमा लिहीत, तीच दक्षता येथे लागते. हद्द आखूड धरली तर शेजारी आत शिरतो, आणि लांबवली तर पूर्वीच्या कोणाच्या तरी शोधावर जाऊन आदळते व सारा दावाच बुडतो.

ही विद्या दीर्घकाळ कलकत्त्याच्या मोजक्या पेढ्यांत, उमेदवारी करणाऱ्या कारकुनांच्या हाताखालून हाताखाली जात राहिली. डिपेनिंगच्या घराण्याची पेढी त्यांतीलच एक. नागपुरास यंत्रे आली, विनिर्देश आले नाहीत. 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी रिंग पद्धतीच्या चात्या मोठ्या धाडसाने चालवून दाखविल्या, परंतु त्यांचा शोध सातासमुद्रांपलीकडे लागलेला होता. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांना तर छपाईचे खिळे पाडण्याच्या आपल्या यंत्रासाठी लंडनची वाट धरावी लागली. पुढे ते अमेरिकेत गेले आणि 1935 साली न्यूयॉर्क येथे निवर्तले.

1911 च्या कायद्याने पेटंटांचा कारभार नियंत्रकाच्या हाती सोपविला. स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद यांची समिती व 1959 चा न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल यांतून 1970 चा कायदा घडला, आणि 20 एप्रिल 1972 पासून तो अमलात आला. मसुदा लिहिणाऱ्यांवर त्याचा परिणाम दूरगामी झाला. औषध व अन्न या बाबतींत पदार्थावर हक्क सांगता येईना, केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेवर सांगता येई; त्यामुळे तीन दशकांहून अधिक काळ रसायनाचे दावे ‘काय’ सोडून ‘कसे’ याच अंगाने लिहिले गेले. 1 जानेवारी 2005 पासून हे बंधन उठले, तेव्हा अनुभवी लेखकांनाही पदार्थाचा दावा नव्याने मांडावयास शिकणे भाग पडले असणार. 1970 च्याच कायद्याने पेटंट अभिकर्त्यांची नोंदवही व परीक्षा आली, आणि त्या परीक्षेत मसुदा रचण्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. पेढीच्या माडीवरची विद्या अशी चव्हाट्यावर आली, हे इष्टच झाले.

नागपूरचा या इतिहासाशी खरा संबंध 1980 पासूनचा. त्या वर्षी सरकारने येथे पेटंट माहिती केंद्र स्थापिले. देशोदेशीचे विनिर्देश जमवावे, लावून ठेवावे, मागणाऱ्यास शोधून त्यांच्या प्रती द्याव्यात, असे त्याचे काम. संगणकाच्या पडद्यावर जगाचे दप्तर खुले होण्यापूर्वीच्या त्या काळात, आपला शोध खरोखर नवा आहे की कोणी जर्मन वा जपानी माणसाने तो आधीच लिहून ठेवला आहे, हे ताडून पाहण्याची सोय सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर झाली. हिस्लॉप कॉलेज रस्त्यावरील बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था पुष्कळ नंतरची, 2012 ची. आधी भांडार व मग पाठशाळा हा क्रम योगायोगाने पडला असेल, पण मला तो शास्त्रशुद्ध वाटतो; कारण शेकडो विनिर्देश वाचल्यावाचून एकही धड लिहिता येत नाही, आणि शीर्षक 15 शब्दांत व सारांश 150 शब्दांत बसवा हा नियम पाठ केल्याने काय गाळावे हे कळत नाही. पेटंट परीक्षकांनाही येथे प्रशिक्षण दिले जाते, म्हणजे मसुद्यातील छिद्रे हेरण्याची विद्याही याच रस्त्यावर शिकविली जाते. तथापि नागपूरच्या संशोधकाचा अर्ज अधिकारक्षेत्राच्या नियमाप्रमाणे आजही मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडेच जातो.