फिलिपिनो पूलपटू आणि परदेशातील स्पर्धा

पूल या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धांवर अमेरिकी खेळाडूंचे जे वर्चस्व दीर्घकाळ टिकून होते, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस मोडून काढणाऱ्यांत फिलिपिन्सहून आलेल्या खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे. या यशाचे श्रेय बहुधा एफ्रेन रेयेस या एकाच खेळाडूच्या अलौकिक प्रतिभेला दिले जाते आणि ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. मनिलाच्या पूलगृहांत जो खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला त्याने खेळाडूंना एक विशिष्ट वळण लावले होते, आणि नेमके तेच वळण उपयोगी पडावे असे नियम अमेरिकेत त्याच सुमारास रूढ होत होते. हा योग जुळून आला नसता, तर त्या प्रतिभेचे परदेशात इतके चीज झाले असते की नाही, याची शंकाच आहे.

मराठी वाचकाला क्यूने खेळायचे खेळ ठाऊक आहेत ते प्रामुख्याने बिलियर्ड्स आणि स्नूकर यांच्या रूपाने. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात आणि 1964 साली न्यूझीलंडमध्ये जिंकलेले जागतिक हौशी विजेतेपद हे इंग्लिश बिलियर्ड्सचे होते, आणि तो खेळ आपल्याकडे जिमखान्यांच्या व क्लबांच्या आश्रयाने वाढला. पूलचे टेबल बिलियर्ड्सच्या टेबलाहून लहान, म्हणजे नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असते. त्याला सहा पॉकेटे असतात आणि चेंडूंवर आकडे असतात. फिलिपिन्समध्ये या टेबलाला क्लबाचे सभासदत्व लागत नव्हते. स्पॅनिश राजवट संपून 1898 नंतर अमेरिकेचा अंमल आला, आणि स्वातंत्र्यानंतरही क्लार्कचा हवाई तळ व सुबिकचा नौदल तळ 1990च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथे राहिले. या दीर्घ सहवासात अमेरिकी पूल गल्लीबोळांपर्यंत पोहोचला आणि पैजेच्या आधाराने तगून राहिला. 1954 साली पाम्पांगा प्रांतात जन्मलेला रेयेस पाचव्या वर्षी मनिलाला काकांकडे आला, तो ‘लकी 13’ नावाच्या अशाच एका पूलगृहात. टेबलापर्यंत हात पोहोचत नसल्यामुळे कोका-कोलाच्या बाटल्यांची खोकी पायाखाली घेऊन तो खेळे आणि गिऱ्हाइके पांगल्यावर रात्री त्याच टेबलावर झोपे. ‘बाता’, म्हणजे पोर, हे त्याचे टोपणनाव एफ्रेन नावाच्याच दुसऱ्या एका वडीलधाऱ्या खेळाडूपासून त्याला वेगळे ओळखता यावे म्हणून पडले.

या पूलगृहांतला मुख्य खेळ होता रोटेशन. त्यात 1 ते 15 आकड्यांचे पंधरा चेंडू असतात आणि क्यूने मारायच्या पांढऱ्या चेंडूने टेबलावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी स्पर्श करणे बंधनकारक असते. मग पॉकेटात कोणताही चेंडू गेला, तरी त्यावरील आकड्याइतके गुण मिळतात. सर्व आकड्यांची बेरीज 120 होत असल्याने 61 गुण झाले की डाव जिंकला जातो. याचा परिणाम असा, की आरंभीचे लहान चेंडू कवडीमोल असले तरी त्यांच्यातून वाट काढल्याशिवाय मोठ्या चेंडूंपर्यंत जाता येत नाही, आणि टेबलावर पंधरा चेंडूंची दाटी असल्यामुळे हवा असलेला चेंडू दुसऱ्या चेंडूआड दडलेला असणे हे नेहमीचेच ठरते. अशा वेळी पांढरा चेंडू आधी टेबलाच्या रबरी कडेवर, म्हणजे कुशनवर, आपटून तेथून दडलेल्या चेंडूवर न्यावा लागतो. या फटक्याला किक म्हणतात. अमेरिकी खेळाडू ज्या फटक्याकडे नाइलाजाचा उपाय म्हणून पाहत, तो फिलिपिनो खेळाडूच्या रोजच्या व्यवहारातला होता. त्यात रेयेस कॅरम बिलियर्ड्सही खेळत असे. या कॅरमचा आपल्या घरोघरच्या कॅरमशी संबंध नाही; तो पॉकेटे नसलेल्या टेबलावरचा खेळ असून त्यात सारी मदार कुशनवरून परतणाऱ्या चेंडूच्या कोनांवर असते.

अमेरिकेत स्पर्धा भरत त्या मुख्यतः नाइनबॉलच्या. हा रोटेशनचाच धाकटा भाऊ. त्यात नऊच चेंडू असतात, लहान आकड्याला आधी स्पर्श करण्याचा नियम तोच असतो आणि नियमाप्रमाणे मारलेल्या फटक्यावर नऊ आकड्याचा चेंडू पॉकेटात टाकणारा डाव जिंकतो. जुन्या पद्धतीत अडचणीत सापडलेल्या खेळाडूला ‘पुश आउट’ची, म्हणजे कोणत्याही चेंडूला स्पर्श झाला नाही तरी चालेल अशा रीतीने पांढरा चेंडू सोयीच्या जागी सरकवण्याची, मुभा डावात केव्हाही असे. टेक्सास एक्सप्रेस या नावाने ओळखले जाणारे नियम रूढ झाले, तेव्हा ही मुभा आरंभी चेंडू फोडणाऱ्या फटक्यानंतरच्या, म्हणजे ब्रेकनंतरच्या, एकाच फटक्यापुरती उरली आणि पुढे एकही चूक झाली, तर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात घेऊन हवा तेथे ठेवता येऊ लागला. व्यावसायिक खेळाडूला अशी संधी मिळणे म्हणजे बहुधा डाव हातचा गेलाच. चेंडू दडवून प्रतिस्पर्ध्याची कोंडी करण्याला त्यामुळे एकाएकी मोल आले आणि त्या कोंडीतून सुटण्याला त्याहून अधिक. 1995 साली अमेरिकेतील रिनो येथील स्पर्धेत अमेरिकी खेळाडू अर्ल स्ट्रिकलंडने अशीच कोंडी केली असता रेयेसने दोन कुशनांवरून इंग्रजी झेड अक्षराच्या वाटेने चेंडू नेऊन दडलेला चेंडू नुसता गाठला नाही, तर पॉकेटातही घातला. या फटक्याची वाखाणणी आजही चमत्कार म्हणून होते, परंतु रोटेशनवर वाढलेल्या खेळाडूच्या दृष्टीने तो अभ्यासाचा भाग होता.

ही विद्या परदेशी नेण्यामागे हिशोब रोकडा होता. फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत 1974च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला सरकारी धोरणाचे रूप दिले, आणि लक्षावधी फिलिपिनो ज्या काळात आखाताकडे व जहाजांवर जात होते त्याच काळात पूलपटूंनीही अमेरिकेची वाट धरली. प्रवासाचा व पैजेचा पैसा घालणारा कोणी पाठीशी असे आणि जिंकलेल्या रकमेतला हिस्सा त्याच्याकडे जाई. पैजेच्या खेळात कीर्ती हा तोटाच. ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याशी पैसे लावून कोणी खेळत नाही. म्हणूनच 1985 साली रेयेस टेक्सासमधील ह्यूस्टन येथे ‘रेड्स’ या पूलगृहातील स्पर्धेत उतरला तो सीझर मोरालेस या दुसऱ्याच एका फिलिपिनो खेळाडूच्या नावाने, आणि ती स्पर्धा त्याने जिंकली. अंतिम फेरीत हरलेला वेड क्रेन स्वतः पैजेच्या खेळात बिली जॉन्सन या नावाने वावरत असे. तेव्हा फसवणुकीचा आरोप करायचा तो कोणी आणि कोणावर, हा प्रश्नच होता.

नाव उघड झाल्यावर मात्र कामगिरीचे स्वरूप पालटले. 1994 साली नाइनबॉलची यू.एस. ओपन स्पर्धा जिंकणारा रेयेस हा पहिलाच बिगर-अमेरिकी खेळाडू ठरला. 1996 साली हाँगकाँगमध्ये स्ट्रिकलंडशी त्याचा जो सामना झाला, तो 120 डाव आधी जिंकणाऱ्याचा होता. तो तीन दिवस चालला, एक लाख डॉलरची सारी रक्कम विजेत्यालाच मिळायची होती आणि रेयेसने पिछाडी भरून काढून 120–117 असा विजय मिळवला. इतक्या लांबीच्या सामन्यात नशिबाचा भाग झिजत जातो आणि एक-दोन चुकांनी धीर न सोडण्याची पैजेच्या टेबलावरची सवय कामी येते. 1999 साली वेल्समधील कार्डिफ येथे तो जागतिक नाइनबॉल विजेता झाला आणि 2001 साली टोकियोतील स्पर्धेत त्याने दोन कोटी येनचे पहिले बक्षीस घेतले. त्याचा सोबती फ्रान्सिस्को बुस्तामांते याच्या वाट्याला मात्र 2002च्या कार्डिफ स्पर्धेत फार कठीण प्रसंग आला. स्पर्धा चालू असताना त्याची तान्ही मुलगी मायदेशी वारली. तरीही तो खेळत राहिला, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि स्ट्रिकलंडकडून 17–15 असा हरला. जागतिक विजेतेपद त्याला 2010 साली दोहा येथे मिळाले.

अशा कामगिरीचे मोजमाप करण्याची एक पद्धत अमेरिकेत अ‍ॅक्यु-स्टॅट्स या संस्थेने रूढ केली. खेळाडूने पॉकेटात घातलेल्या चेंडूंच्या संख्येला, ती संख्या आणि त्याच्या चुका यांच्या बेरजेने भागले, की येणारा अपूर्णांक त्याचा दर्जा सांगतो आणि 0.900 च्या वरचा आकडा उत्तम मानला जातो. पद्धत उपयुक्त आहे, पण कोंडीतून चेंडूला केवळ स्पर्श करून सुटणाऱ्या खेळाडूच्या खात्यात तिच्यामुळे काही जमा होत नाही, आणि फिलिपिनो खेळाचे मर्म तर बरेचसे तेथेच आहे.

स्पर्धा मोठ्या झाल्या तरी पैशाची शाश्वती त्या प्रमाणात वाढली नाही. 2006 साली रिनो येथे एका नव्या आंतरराष्ट्रीय दौऱ्यातील एटबॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकाराची स्पर्धा जिंकल्याबद्दल रेयेसला पाच लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, परंतु आयोजकांना ते वेळेवर देता आले नाही, हप्त्यांची भाषा सुरू झाली आणि दौराच कोसळला. पूलगृहातल्या पैजेत निदान पैसा आधीच तिऱ्हाइताच्या हाती ठेवलेला असतो.

पुढच्या पिढीला जुन्या विद्येची मक्तेदारी लाभली नाही. आखूड व हलक्या जंप क्यूने आडवा आलेला चेंडू ओलांडून उडी मारता येऊ लागल्याने किकची निकड कमी झाली आणि ध्वनिचित्रफितींमुळे रेयेसचे फटके युरोपातील व तैवानमधील खेळाडूंनाही शिकता आले. लहानपणी गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम केलेला कार्लो बियादो 2017 साली दोहा येथे जागतिक विजेता झाला, तो मुख्यतः स्पर्धांत घडलेला खेळाडू म्हणून. 2021च्या यू.एस. ओपनच्या अंतिम फेरीत सिंगापूरच्या अलॉयशियस यापविरुद्ध 3–8 असा मागे असताना त्याने सलग दहा डाव जिंकले आणि रेयेसनंतर 27 वर्षांनी ते विजेतेपद पुन्हा फिलिपिन्सला नेले.