नोव्हॅक, किम

(१३ फेब्रुवारी १९३३ – ). अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री. मूळ नाव मॅरिलिन पॉलीन नोव्हॅक. जन्म शिकागो येथे एका चेकवंशीय कुटुंबात. वडील रेल्वेत नोकरीस होते. तिने शिकागोतील कलाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. रेफ्रिजरेटरच्या जाहिरातीसाठी दौऱ्यावर असता ती कॅलिफोर्नियात गेली आणि पुढे ‘कोलंबिया’ या चित्रपटसंस्थेशी करारबद्ध झाली.

संस्थेचा प्रमुख हॅरी कोन याने तिला ‘किट मार्लो’ हे नाव द्यावयाचे ठरविले होते. मॅरिलिन मन्रोमुळे स्वतःचे पहिले नाव बदलण्यास ती तयार झाली. आडनाव मात्र तिने सोडले नाही. नटनट्यांची नावे, केशरचना, वजन, इतकेच नव्हे तर खासगी गाठीभेटींवरही निर्मितिसंस्थांची हुकमत चालण्याच्या त्या काळात हा आग्रह किरकोळ नव्हता. पुशओव्हर (१९५४) नंतर पिकनिक व द मॅन विथ द गोल्डन आर्म (दोन्ही १९५५) या चित्रपटांनी तिला मोठी लोकप्रियता लाभली. तथापि तिला करारातील साप्ताहिक वेतनच मिळे. १९५७ मध्ये वेतनाच्या निषेधार्थ तिने काम नाकारले.

ॲल्फ्रेड हिचकॉकच्या व्हर्टिगो (१९५८) साठी प्रथम व्हेरा माइल्सची निवड झाली होती. ती गरोदर राहिल्यामुळे कोलंबियाकडून नोव्हॅकला उसनी घेण्यात आले. नायक एका सामान्य नोकरदार तरुणीचे केस, पोशाख व चालणे बदलून तिला मृत प्रेयसीचे रूप देतो, असे यातील कथानक आहे. या दोन्ही भूमिका नोव्हॅकच्याच होत्या. स्वतः अशा घडवणुकीतून गेलेल्या अभिनेत्रीने त्या तरुणीची अगतिकता विलक्षण संयमाने व्यक्त केली आहे. राखाडी रंगाचा ठरवून दिलेला पोशाख तिला नापसंत होता. त्यातील अवघडलेपण तिने भूमिकेतच वापरले. प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाचे स्वागत थंडच झाले. २०१२ मध्ये मात्र साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा सिटिझन केनला मागे सारून त्याने पहिले स्थान मिळविले.

१९६० नंतर तिची चित्रपटांतील कामे कमी होत गेली. फाल्कन क्रेस्ट या दूरचित्रवाणी मालिकेत (१९८६–८७) तिने साकारलेल्या पात्राचे नाव किट मार्लो होते! लिबेस्ट्राउम (१९९१) नंतर ती निवृत्त झाली व ऑरेगन राज्यात चित्रकला आणि प्राणिपालन यांत रमली. २००० मध्ये घराला लागलेल्या आगीत तिच्या आत्मचरित्राचा मसुदा नष्ट झाला. व्हेनिस चित्रपट महोत्सवात तिला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह देण्यात आला (२०२५).