सेलूच्या शाळेतली खेळाडू महाराष्ट्राच्या संघात कशी पोहोचते?

सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरचं, वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण (परभणीचं सेलू वेगळं). इथल्या शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुलीला महाराष्ट्राच्या शालेय संघात जायचं असेल, तर काय करावं लागतं?

वयोगट कोणते?
14, 17 आणि 19 वर्षांखालील. मुला-मुलींच्या स्पर्धा वेगळ्या होतात.

टप्पे किती?
- तालुका: सेलू तालुक्यातल्या शाळा एकमेकींशी खेळतात.
- जिल्हा: तालुक्यांचे विजेते इथे भिडतात.
- विभाग: नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे 6 जिल्हे आहेत.
- राज्य: क्रीडा खात्याच्या 8 विभागांचे संघ उतरतात.

हरलं तर?
सांघिक खेळात सामने सहसा बाद पद्धतीने होतात. तालुक्यातच एक सामना हरला, तर शाळेचं त्या वर्षीचं आव्हान संपतं, संघातली एखादी मुलगी कितीही चांगली खेळली तरी. राज्य पातळीवर मात्र चित्र बदलतं. तिथे निवड चाचणीतून महाराष्ट्राचा संघ ठरतो, त्यामुळे हरलेल्या संघातली मुलगीही निवडली जाऊ शकते. म्हणजे खरी कसोटी तिथपर्यंत पोहोचण्याचीच.

खेळून मिळतं काय?
नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं.