अण्णांचं बटण



मागच्या वेळी पिरनवाडीतल्या जुन्या घरांबद्दल लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं, "तुमच्या शेजारच्या त्या वायरलेसवाल्या अण्णांबद्दल लिहा की." म्हणून आज अण्णा. पण अण्णांबद्दल लिहायचं तर रेडिओच्या बटणाबद्दल लिहावं लागतं, आणि ती गोष्ट जरा मागून सुरू होते.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. दर वर्षी पोस्टात लायसनचे पैसे भरायचे, पुस्तकावर तिकीट चिकटवून आणायचं. मीडियम वेव्हवर धारवाड आणि सांगली ही आमची दोन घरची स्टेशनं, एक कानडी आणि एक मराठी. ती लावायला काही कसब लागत नसे. पण बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लावायची म्हणजे परीक्षा. शॉर्टवेव्हवर बटण केसभर हललं की अमीन सयानी गेले आणि भलतंच कोणी बोलायला लागलं. वडील आम्हाला हात लावू देत नसत.

त्या रेडिओच्या पोटात एक युक्ती होती. बटणाची दांडी बारीक, आत मोठं चाक, दोघांना जोडणारा दोरा. आपण बटणाला पुष्कळ फेरे द्यायचे, तेव्हा आतलं चाक अर्धा फेरा फिरायचं. त्यामुळे हात जाड असला तरी काम बारीक व्हायचं. अडचण एवढीच की, काटा या टोकाहून त्या टोकाला न्यायचा तर बोटं दुखेपर्यंत फिरवत बसायचं.

बारीक हवं की भराभर हवं, हे भांडण रेडिओइतकंच जुनं आहे. अमेरिकेत १९३५ साली नॅशनल कंपनीचा एचआरओ नावाचा सेट आला. त्याची मोठी तबकडी दहा फेरे फिरायची आणि त्यावर पाचशे खुणा मोजता यायच्या. इंग्लंडच्या एडिस्टोन सेटांनी वेगळी वाट काढली. त्यांनी बटणामागे जड चाक बसवलं, फ्लायव्हील. जोरात टिचकी दिली की त्या वजनाने काटा आपोआप धावत जायचा, आणि हळू फिरवलं की हळूच सरकायचा. म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे यंत्र वागायचं, आणि तेही नुसत्या वजनावर.

आता अण्णा. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. सत्तरच्या दशकात मोर्स शिकून परीक्षा दिली आणि दिल्लीहून हौशी रेडिओचं लायसन मिळवलं, ज्याला हॅम म्हणतात ते. परदेशी सेट घेणं आमच्यासारख्याच्या आवाक्यात नव्हतंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि घरी सेट बांधायचा. बटणामागचं पितळी फ्लायव्हील अण्णांनी स्वतः लेथवर कातलं होतं. मी बँकेतून आलो की त्यांच्याकडे जाऊन बसायचा. एकदा मला म्हणाले, "मॅनेजर, लेथला दोन चाकं असतात बघ. एकानं टूल भराभर जवळ न्यायचं, दुसऱ्यानं केसाएवढा कट घ्यायचा. रेडिओला दोन्ही कामं एकाच बटणानं करायची असतात, म्हणून डोकं लागतं."

मला ते आमच्या कॅशियरवरून समजलं. आधी गड्ड्या मोजायच्या, मग सुट्ट्या नोटा. सगळंच सुटं मोजत बसलं तर संध्याकाळ होईल, आणि नुसत्या गड्ड्या मोजल्या तर टॅली लागणार नाही.

पुढे काळ बदलला. बटणामागचा दोरा आणि दातेरी चाकं गेली. तिथे फटी असलेली एक चकती आणि दोन डोळे आले. बटण फिरलं की दोन डोळ्यांना प्रकाशाचे ठोके दिसतात. कुठला डोळा आधी बघतो त्यावरून दिशा कळते, आणि ठोके मोजून किती फिरलं ते कळतं. मात्र हिशेब अवघड झाला. हॅम लोकांचा वीस मीटरचा पट्टा १४,००० पासून १४,३५० किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचा आवाज नीट लागायला दहा-दहा हर्ट्झची पायरी बरी, कारण शंभर-दोनशे हर्ट्झ चुकलं तरी बोलणारा बदकासारखा वाटतो. साडेतीनशे किलोहर्ट्झ भागिले दहा हर्ट्झ, म्हणजे ३५,००० पायऱ्या. एका फेऱ्याला शंभर पायऱ्या धरल्या तर पट्टा ओलांडायला ३५० फेरे!

उपाय निघाला तो वेळ मोजण्याचा. ठोके भराभर आले म्हणजे माणसाला लांब जायचंय, तेव्हा पायरी मोठी करा. सावकाश आले म्हणजे तो शोधतोय, तेव्हा पायरी बारीक ठेवा. मोबाईलवर फोटो सरकवताना जोरात बोट फिरवलं की यादी लांब पळते, तसंच हे. फ्लायव्हील जे वजनानं करायचं ते आता छोटा कॉम्प्युटर करतो. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २०१७ मध्ये मायक्रोबिटएक्स नावाचा स्वस्त सेट काढला आणि त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यात ही युक्ती उघड वाचता येते. सेकंदाच्या विसाव्या भागात किती ठोके आले ते बघायचं. थोडे आले तर ५० हर्ट्झ, जास्त आले तर ५००, आणि फारच जास्त आले तर एकदम १०,००० हर्ट्झची उडी.

अण्णांच्या मुलानं बाहेरून त्यांना असाच एक आधुनिक सेट पाठवला. कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही. तोपर्यंत अण्णा ऐंशीच्या पुढे गेले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर त्यांची मंडळी एकमेकांना हाक मारायची. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा अण्णा रात्र रात्र याच पट्ट्यावर बसून होते. तिथून देशभरच्या हॅम लोकांनी निरोप पोचवले होते. अशा मंडळींत रोज हजेरी लावणं म्हणजे अण्णांची पूजाच होती.

मग हळूहळू ते बसेनासे झाले. घरच्यांना वाटलं, वय झालं, गोडी गेली. एके सकाळी मी गेलो तर सेट चालू आणि अण्णा हात मांडीवर ठेवून बसलेले.

"काय अण्णा, नुसतेच बसालासा?"

"हात ऱ्हात नाही रे. जरा हलला की हे बटण पाच-पाच किलोहर्ट्झ पळतंय. तिकडं माझं नाव घेऊन हाक मारालेत, आणि मला परत तिथं जाता येईना."

मला तेव्हा उमगलं. हाताला झटका बसला की त्या यंत्राला वाटायचं, या माणसाला घाई आहे. अण्णांना कसलीच घाई नव्हती. जुन्या पितळी चाकाच्या वजनात असले झटके जिरून जायचे. नव्या यंत्रानं मात्र प्रत्येक झटका हुकूम समजून पाळला.

त्यांची नात बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. रविवारी ती आली आणि सेटचं जाड पुस्तक घेऊन बसली. तासाभरात मेनूतली एक ओळ सापडली: वेगाप्रमाणे पायरी बदलणं, चालू की बंद. तिनं ते बंद केलं. बटणाचा घट्टपणा वाढवायची सोय होती, तीही वापरली. लांब जायचं असेल तर आकडे दाबून थेट जायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. हात कापत होता, काटा दहा-वीस हर्ट्झ डुलत होता, पण आवाज सुटत नव्हता. कुणीतरी हाक मारली. अण्णांनी उत्तर दिलं. पलीकडून क्षणभर काहीच आलं नाही, मग चार-पाच जण एकदमच बोलायला लागले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा सांग की मॅनेजर."

आपल्या घरातली म्हातारी माणसं फोन बाजूला ठेवतात, एटीएमला जायचं टाळतात. आपण म्हणतो, त्यांना आवड नाही. एकदा शेजारी बसून त्यांचा हात बघा. कदाचित मेनूतली एखादी ओळ बंद करायची राहिली असेल.

तुमच्या घरी कुठला रेडिओ होता आणि त्याचं बटण कोणाच्या ताब्यात असायचं, ते जरूर लिहा. वाट बघतो.