गुडघे कुणापुढे टेकायचे? : शरणपूर, काळाराम आणि चर्चमधला देह

नाशिकच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण काळाराम मंदिराबद्दल बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी टप्प्याटप्प्याने पाच वर्षे लढवलेला सत्याग्रह हा आपला वारसा आहे. पण त्याच नाशकात, काळारामापासून काही किलोमीटरवर, शरणपूर नावाची एक वस्ती त्याआधी पाऊणशे वर्षे उभी होती. आज आपण शरणपूर रोडवरून रोज जातो-येतो. ते नाव कुठून आले, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

आम्ही इथे त्या वस्तीच्या निमित्ताने एक प्रश्न मांडणार आहोत. चर्चमध्ये माणसे उभी राहतात, गुडघे टेकतात, हात जोडतात, एका प्याल्यातून पितात. या शारीरिक क्रियांचा जातीशी काय संबंध आहे? आणि त्यातून आपण बौद्धांनी काय शिकायचे? विहारात वंदन करावे की नाही, पंचांग प्रणाम म्हणजे गुलामी का, यावर आपल्या तरुणांत वाद चालतात. त्या वादात हा शेजारचा इतिहास उपयोगी पडेल.

आधी आपल्या देहाचा इतिहास आठवू. गावगाड्यात महाराने 'जोहार मायबाप' म्हणत कमरेत वाकायचे, बाजूला सरायचे, सावलीही पडू द्यायची नाही. पेशवाईतल्या पुण्यात गळ्यात मडके आणि कमरेला खराटा बांधून चालावे लागे, याची आठवण बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये करून दिली आहे. म्हणजे जात फक्त पोथीत नव्हती. ती पाठीच्या कण्यात, मानेत, गुडघ्यात घातलेली होती. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली एका व्याख्यानात सांगितले की चालणे, बसणे, वाकणे हे माणूस समाजाकडून शिकतो. आपल्या आज्या-पणज्यांना ते व्याख्यान ऐकायची गरज नव्हती. कसे वाकायचे, हे गावाने त्यांना लहानपणीच शिकवले होते.

आता शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन पंथाच्या संस्थेचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले. १८५४-५५ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर वसवले. अनाथ मुले आणि धर्म बदलल्यामुळे घरच्यांनी व जातीने टाकलेली माणसे तिथे राहू लागली. सुतारकाम, लोहारकाम शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. आणखी एक समूह तिथे आला, तो म्हणजे आफ्रिकेतली मुले. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही मुले शरणपुरात शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. संशोधक लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेत मेला, तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांतही तो होता. गुलाम म्हणून विकला गेलेला, नाशकात शिकलेला एक काळा तरुण इंग्लंडच्या सर्वात मानाच्या चर्चमध्ये ताठ उभा राहिला. ज्या शहरात रामाच्या दारापर्यंत जायला आपल्याला १९३० साल उजाडावे लागले, त्याच शहरातून तो गेला होता.

अँग्लिकन उपासनेत देहाची एक शिस्त असते. गीत गाताना उभे राहायचे, वचन ऐकताना बसायचे, प्रार्थनेला गुडघे टेकायचे. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांनी वेदीपुढच्या कठड्याशी एका रांगेत गुडघे टेकायचे. पाळक भाकर हातात देतो आणि एकच प्याला एकाच्या ओठावरून दुसऱ्याच्या ओठाला लागतो. युरोपात वाढलेल्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण ज्या समाजात प्रसादही वरून टाकला जात होता आणि चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली डोकी फुटली, तिथे एकाच प्याल्याचा अर्थ काय होतो? तिथे तो प्याला महाडच्या ओंजळीइतकाच स्फोटक ठरतो.

पण इथे थांबलो तर आपण मिशनऱ्यांचे प्रचारपत्रक लिहू. इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

याच प्याल्यावर दक्षिणेत चर्च फुटले. मद्रास आणि तंजावर भागात सवर्ण ख्रिस्ती वेगळ्या बाजूला बसत आणि भाकर-प्याला आधी घेत, म्हणजे 'परया' ख्रिस्त्याच्या ओठानंतर प्यायची वेळ येऊ नये. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून हुकूम दिला की चर्चमध्ये जातभेद ताबडतोब आणि कायमचा बंद झाला पाहिजे. त्यावर अनेक सवर्ण ख्रिस्ती चर्च सोडून गेले. त्यांनी ख्रिस्त मान्य केला होता, शेजारचा माणूस मान्य केला नव्हता. तमिळनाडूतल्या वडक्कनकुळम इथे तर कॅथलिक चर्चच दोन फाट्यांचे बांधले गेले. वेदी एक, पण जातीप्रमाणे बसायचे भाग दोन. गोव्यातही कॉन्फ्रारिया नावाच्या धार्मिक मंडळ्या जातीवर उभ्या होत्या. मिरवणुकीत कोणी कोणता झगा घालायचा, सणाचा मान कोणाचा, हे जात ठरवत होती. आपल्याकडे अहमदनगर भागातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातले अंतर केवळ बाप्तिस्म्याच्या पाण्याने मिटले नाही. हे शेवटचे वाक्य आपल्याला टोचले पाहिजे.

म्हणून बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना नेमका प्रश्न विचारला होता. धर्म बदलल्यावर माणसाची जात सुटते का, आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची ताकद त्याला मिळते का? गुडघे टेकून स्वर्गाची वाट पाहणारा आणि गावातल्या अन्यायापुढे गप्प बसणारा धर्मांतरित त्यांना नको होता.

गुडघे टेकणे हीच ख्रिस्ती उपासनेची मूळ मुद्रा आहे, असा समज आहे. तोही तपासू. रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या जुन्या भित्तिचित्रांत प्रार्थना करणारी माणसे उभी आहेत, दोन्ही हात वर उचललेले. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने तर नियमच केला की रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पन्नास दिवसांत प्रार्थना उभे राहूनच करायची, गुडघे टेकायचे नाहीत. कारण उभे राहणे हे मुक्त झालेल्या माणसाचे लक्षण. मग दोन तळवे जुळवून गुडघ्यावर बसण्याची मुद्रा युरोपात रूढ कशी झाली? अनेक इतिहासकार तिचे मूळ सरंजामशाहीत शोधतात. मांडलिक आपले जुळवलेले हात धन्याच्या हातात देऊन निष्ठेची शपथ घेई. दरबारातली ती रीत देवघरात शिरली. म्हणजे देवापुढची मुद्रा आकाशातून पडत नाही. ती त्या त्या काळच्या सत्तेकडून येते. आपला 'जोहार' आणि युरोपच्या मांडलिकाचे जुळलेले हात हे एकमेकांचे चुलत भाऊ आहेत.

महाराष्ट्रात या साच्याबाहेर पडण्याचे प्रयत्न झाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. तिलक यांनी कीर्तन, भजन, अभंग चर्चमध्ये रुजवले. बाकावर ताठ बसून ऑर्गनच्या सुरात गाणारी मंडळी टाळ-मृदंगावर गाऊ लागली. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई तिलकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या आपले सोवळे जपत राहिल्या. पुढे स्वतः विचार करून त्यांनी जातीची कल्पना सोडली आणि मगच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. आम्हाला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी चुलीपाशी बदल झाला आणि नंतर चर्चमध्ये पाऊल पडले.

दुसरे उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या या आश्रमात मोठे 'पुनरुज्जीवन' झाले. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्या रडल्या, थरथरल्या, टाळ्या वाजवून नाचल्या, अनोळखी भाषेत बोलल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर पेन्टेकॉस्टल चळवळीची गाजलेली सुरुवात १९०६ ची. केडगाव त्याच्या आधीचे आहे. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंगाट असभ्य वाटला. रमाबाईंनी मात्र भारतीयांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे व्यक्त होऊ द्या, अशी भूमिका घेतली.

आम्ही धम्म विवेकाने पाहणारे लोक आहोत. अंगात आल्यासारख्या उन्मादाने मुक्ती मिळते, असे आम्ही मानत नाही. पण ज्या मुलीला विधवा म्हणून कोपऱ्यात बसवले, जिला मोठ्याने रडायचाही अधिकार नव्हता, ती शेकडो मुलींसोबत आवाज सोडते, यात काही सामाजिक घडते की नाही? घडते. फक्त तो आवाज नंतर कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे. तो शिक्षण, हक्क, संघटना यांच्याकडे गेला नाही तर प्रार्थनेच्या हॉलमध्येच विरून जातो.

तिसरा प्रयत्न वरून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी बारा बदलांना रोमने मान्यता दिली. चपला बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, आरती. चर्च 'भारतीय' झाले. पण कोणता भारत? आरतीचे ताट आणि संस्कृत मंत्र ही ज्या देवळाची भाषा आहे, त्याच देवळाने आपल्याला बाहेर ठेवले होते. मग ज्या चर्चमध्ये बहुसंख्य माणसे दलित आहेत, तिथे भारतीयत्व म्हणून ब्राह्मणी देहबोली का? महाराष्ट्रातून आलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान मांडले. भारतीय ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय परंपरेतच घोटाळत राहिला आणि दलितांचे दुःख त्यात आलेच नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

हा इतिहास आज का महत्त्वाचा? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींत मोडत नाहीत. शीख १९५६ साली आले, आपण बौद्ध १९९० साली आलो. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच आहेत. त्यांच्याविरुद्ध युक्तिवाद असा, की तुमच्या धर्मात जात नाही. धर्मग्रंथात नसेलही. पण बाकावर होती, प्याल्यावर होती, मिरवणुकीत होती, स्मशानात होती. देहाचा हा इतिहासच त्यांचा पुरावा आहे. १९५६ नंतर १९९० पर्यंत चौतीस वर्षे 'बौद्ध झालात, आता सवलती कशाला' हे आपणही ऐकले आहे. मग त्यांच्या मागणीला पाठिंबा देताना आपण मागेपुढे का पाहायचे?

आता आपल्या वादाकडे. वंदन गुलामी आहे का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले ते आठवा. बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले. हात जोडून बुद्धमूर्तीपुढे तीन वेळा वाकले, पांढरी कमळे वाहिली. मग ते जनसमुदायाकडे वळले आणि ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. लाखो माणसे उभी राहिली. आयुष्यभर कोणापुढेही न झुकलेला माणूस तिथे वाकला. पण ते वाकणे भीतीचे नव्हते, नवसाचे नव्हते, आणि कोणत्याही पुरोहिताला किंवा जातीला मोठे करणारे नव्हते. त्यानंतर लगेच एक समाज उभा राहिला.

त्यामुळे माणूस किती वाकला, हे मोजून काही कळत नाही. तो कोणाच्या शेजारी वाकला आणि उठल्यावर कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला, हे पाहायचे. शरणपूरची रांग या कसोटीला उतरते तिथे तिला मान द्यावा. तंजावरची रांग उतरत नाही, तिथे तिला नाव ठेवावे.

आणि हीच कसोटी आपल्या विहाराला लावावी. पौर्णिमेच्या वंदनेला पुढच्या रांगेत कोण बसते? महिला केवळ खीर वाटायला आहेत, की धम्मपीठावर बोलायलाही आहेत? मातंग, चर्मकार, भटके कुटुंब आले तर त्यांना जागा आपुलकीने दिली जाते, की पाहुणा म्हणून? देणगी देणाऱ्या साहेबांसाठी खुर्ची आणि बाकीच्यांसाठी सतरंजी, असे आहे का? असेल तर पुढच्या पौर्णिमेआधी कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या.

जय भीम!