मिशाळ माशाचं कूळ

पोकेमॉनच्या २००२ साली आलेल्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’ या व्हिडिओ गेममध्ये एक निळा, मिशाळ मासा आहे. तो चिडला की जमीन हादरवतो. इंग्रजीत त्याचं नाव व्हिस्कॅश. जपानीत मात्र नामाझुन. त्याचं कूळ या जपानी नावात आहे. नामाझू म्हणजे आपल्या शिंगाळ्यासारखा, लांब मिशांचा मासा.

आपल्याकडे शेषानं फणा हलवला की धरणीकंप होतो, असं म्हणत. जपानी लोककथेत ही करामत जमिनीखालच्या अजस्र नामाझूची. काशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून धरतो. देवाचं लक्ष ढळलं, की मासा वळवळलाच!

मला यातलं १८५५ सालचं प्रकरण सर्वांत बोलकं वाटतं. त्या नोव्हेंबरात एदो, म्हणजे आजचं तोक्यो, भूकंपानं कोसळलं. हजारो माणसं दगावली. थोड्याच दिवसांत लाकडी ठशांनी छापलेली नामाझूची रंगीत चित्रं विकली जाऊ लागली. काहींत चिडलेले लोक माशाला बडवताहेत. काहींत सुतार-गवंडी त्याचे आभार मानताहेत. पडझडीनं त्यांच्या हाताला काम मिळालं होतं ना! आणि काहींत श्रीमंत चक्क नाणी ओकताहेत. या चित्रांवर सरकारी तपासनिसाचा शिक्का नसे, कलाकाराचं नावही बहुधा नसे. सरकारनं ती दोनेक महिन्यांत बंद पाडली.

मासा मात्र टिकला. मोठ्या भूकंपात सामान्य वाहनांना बंद होणाऱ्या जपानी रस्त्यांच्या फलकांवर आज त्याचंच चित्र असतं.